दुपारचा पहारा

बशी ओठांपर्यंत यायची आणि तिथंच थांबायची. चहा बशीत, बशी हवेत आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर. "थांब. आवाज करू नको." एवढं म्हणून वायरमनकाका मान तिरकी करायचे. समोर सरपंच असो की घरचा जावई, त्यानं गप्प बसायचं. ऐकायचं काय, तर मागच्या बोरीत एखादं पाखरू बोललेलं असायचं, नाहीतर कुणाच्या तरी रानात पाटाचं पाणी सुटलेलं असायचं. तोवर चहावर साय धरायची. ती साय बोटानं बाजूला सारून ते गार चहा प्यायचे आणि म्हणायचे, "कोनी केलं न्हाई, तरी झालं. नवल हाय का न्हाई?"

"चहा मात्र माझ्या बायकोनं केलाय," मी म्हणायचो. "तिच्यासाठी तरी गरम प्या."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. असला की आपण त्याला अर्धवट म्हणतो, आणि नसला की गल्ली नुसती घरांची उरते. मला हे उशिरा कळलं असं मी म्हणणार नाही. मला ते पहिल्यापासून कळत होतं, पण धंद्यातला माणूस असल्यामुळं तसं दाखवून चालत नाही.

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. म्हणजे मी आवाज भाड्यानं देतो. कुरुंद्याच्या आसपास कुठंही बारसं, लग्न, सप्ता, प्रचार असला की माझे भोंगे झाडावर चढतात. काका विजेच्या खात्यात लाइनमन होते. खेड्यात त्याला वायरमन म्हणतात, आणि एकदा वायरमन झालेला माणूस मरेपर्यंत वायरमनच राहतो. त्यांचं खरं नाव गावात किती जणांना माहीत होतं देव जाणे. काकांसमोर असं "देव जाणे" म्हटलं की ते हसून म्हणायचे, "त्याला काय इचारतो, मला इचार."

आमची ओळख भांडणातून झाली. मी नवीन बॉक्स आणले होते, उंची माझ्याएवढी, आणि पहिलंच लग्न होतं. दणका असा की पंगतीतल्या पत्रावळी हलत होत्या. काका लाइन बघायला आले, खांबापाशी थोडा वेळ उभे राहिले आणि सरळ माझ्या मशीनपाशी येऊन त्यांनी बटण अर्ध्यावर आणलं.

"काहून कमी केलं?" मी उखडलो.

"गानं दबून मरून राहिलं लेका. त्याला जरा बाहेर येऊ दे."

नवरदेवाच्या दोस्तांनी पुन्हा आवाज वाढवायला लावला, ते सोडा. पण त्यानंतर कुठंही भेटले की ते मला आधी आवाजाबद्दल विचारायचे, मग तब्येतीबद्दल.

त्यांना गाण्यातलं काही कळत होतं असं समजू नका. सूर कोणता, ताल कोणता, राग कोणता, काही नाही. स्वतःचा गळा असा, की गोठ्यात गुणगुणले तर म्हशीनं पान्हा चोरावा. एकदा शाळेच्या कार्यक्रमात राष्ट्रगीताला त्यांच्या शेजारी उभा होतो, तेव्हा माझाही सूर त्यांनी बुडवला. पण ऐकायला बसले की दगडासारखे बसायचे. ते नोकरीत होते तोवर गावाला एक कोडं पडलेलं असे. लाइनचं काम असलं की ते डीपीवरून सप्लाय बंद करायचे, खांबावर चढायचे, काम उरकायचं, पण माणूस काही खाली उतरायचा नाही. खाली गिरणीवाला बोंबलतोय, मोटारी बंद पडल्या म्हणून शेतकरी शिव्या देतायत, आणि हे वर पट्ट्यात अडकून गावाकडं तोंड करून बसलेले.

"काय फॉल्ट हाय वायरमन? लई मोठा हाय का?"

"सापडून राहिलाय," वरून उत्तर.

फॉल्ट कसला! सगळी यंत्रं एका खटक्यात बंद झाली की गाव कसं ऐकू येतं, ते ते ऐकत बसलेले असायचे. हे त्यांनी मला निवृत्तीनंतर सांगितलं. भाकरी थापल्याचा आवाज येतो, म्हणाले, म्हातारी माणसं एकमेकांशी काय बोलतात ते कळतं, वारा कोणत्या झाडात आहे ते कळतं. "आता खटका माज्या हातात न्हाई. गाव काई बंद होत न्हाई," असं म्हणताना ते खरोखर उदास झाले होते.

देव ते मानत नव्हते. घरात एकही फोटो नाही, दाराला लिंबू नाही, हाताला दोरा नाही. वादही घालत नव्हते, हे विशेष. लोकच त्यांना डिवचायचे. पारावर कुणी विचारायचं, "वायरमन, देव न्हाई तर न्हाई, इजेला तरी मानता का?" ते म्हणायचे, "इजेला मानावं लागत न्हाई. हात लावला की कळतं." गणपतीचा शिरा मात्र दोनदा मागून खायचे. "देवाचा म्हनून न्हाई, तुपाचा म्हनून," असं सांगून वर बोटं चाटायचे.

असा माणूस दिसला की आपल्याला वाटतं, याचं काहीतरी मेलं असणार, नवस फळला नसणार. मीही एकदा आडून विचारलं. काकी तोवर गेल्या होत्या, मुलगी नांदेडला दिलेली, घरात हे एकटे. ते म्हणाले, "समदे हेच इचारतात. काई झालं न्हाई रे. तुजी काकी रोज पूजा करायची, मी फुलं आनून द्यायचो. मला तसं कदी वाटलंच न्हाई, एवढंच." आणि मग काकी परड्यातला जास्वंद कशी तोडायच्या, हे सांगत बसले.

एका हिवाळ्यात त्यांनी मला सिद्धेश्वर धरणावर नेलं. नेलं म्हणजे गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि हे मागं बसून रस्त्यातली झाडं दाखवतायत. परदेशातली बदकं उतरलीत असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही ऊन उतरता उतरता पोचलो. पाण्यावर बदक तर सोडाच, बगळासुद्धा नव्हता. जाळं सोडवत बसलेल्या एका मासेमारानं सांगितलं, होती, काल सकाळीच उडाली.

"झालं!" मी म्हणालो. "चला आता. वसमतला निदान भजी तरी खाऊ."

"आता आलोच हाय तर बस की. पानी काय उडून गेलं न्हाई."

बसलो. करतो काय? सूर्य पलीकडच्या टेकाडामागं गेला आणि सगळ्या पाण्याचा रंग बदलायला लागला. मला भूक लागली होती, तरी मीही बघत राहिलो, इतकं ते सुंदर होतं. नकळत माझे हात जोडले गेले. तुम्हालाही सवय असेल ती. काकांनी ते पाहिलं.

"तुमचं बरं हाय," ते म्हणाले. "चांगलं दिसलं की हात जोडता, मोकळे होता. माजं तसंच छातीत राहतं. आभार मानावं वाटतं रे, लई वाटतं. पन मानायला कोनी न्हाई. तेवढी एक तकलीफ हाय."

मी गमतीनं म्हणालो, "मला माना की. पेट्रोल माझं आहे."

ते हसले, पण डोळे पाण्याकडंच होते. त्या संध्याकाळच्या काकांइतका एकटा माणूस मी पाहिला नाही. गर्दीत जोडीदार नसणं वेगळं. एवढं सगळं समोर आणि ते कुणाच्या पदरात टाकावं हेच माहीत नसणं, याचं मला फार वाईट वाटलं. परत येताना मी त्यांना भजी खाऊ घातली. तीही त्यांनी गार करून खाल्ली.

आता सप्त्याचं सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

आमच्या गावात फाल्गुनात मारुतीच्या देवळापुढं सप्ता बसतो. सात दिवस नामाचा अखंड जागर. त्यात वीणा असते, गावाच्या बोलीत इना. ती एकदा उचलली की सात दिवस खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात आहे त्यानं उभं राहायचं, तारा छेडायच्या आणि रामकृष्णहरी म्हणत राहायचं. त्या पाळीला पहारा म्हणतात. वीणा टेकली किंवा नाम थांबलं की खंड पडला, सप्ता मोडला. वीणा घेणारा माळकरी असावा, हेही ठरलेलं.

माझे चुलते, तात्या, हे आमच्या सप्त्याचा कणा. तरणे होते तेव्हापासून वीणा धरतात. सप्त्यात ते आणि काका यांची एक जोडी जमायची. तात्या मंडपात उभे, आणि काका देवळाच्या खालच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी बसलेले. कीर्तनाला गर्दी असते तेव्हा ते यायचे नाहीत. दुपारी, मंडप रिकामा असताना यायचे. त्यांना त्या तारा ऐकायच्या असत.

"वर या की वायरमन," तात्या पहारा सुटला की म्हणायचे. "देव काई चावत न्हाई."

"हितून बराबर ऐकू येतं तात्या."

"चपलांच्या वासात?"

"वासाला नाक हाय. मी कान घेऊन आलो."

तात्या मान हलवून हसायचे आणि आपल्या वाटचा फराळ त्यांच्यापुढं सारायचे. वर्षभरात दोघं फारसे बोलत नसत. पण काका त्या सात दुपारींची वाट बघत, हे मला पक्कं माहीत आहे. माघ लागला की ते विचारायला सुरुवात करायचे, "भोंगे कदी बांधतो?"

आमच्याकडं एक अडचण अशी, की फाल्गुनातच हळद निघते. हळद शिजवायचा मोठा कुकर ट्रॅक्टरमागं लावून गावात येतो आणि नंबरानं रानोरान फिरतो. नंबर हुकला की कुकर पुढच्या गावाला, मग तुम्ही हळदीचा ढीग घेऊन बसा. देवाचा नंबर आणि कुकरचा नंबर एकाच दुपारी आला, तर माणूस कुठं जाईल हे मी सांगायला नको.

त्या वर्षी नेमकं तसंच झालं. तात्यांचा पहारा संपत आला होता, पुढचा सप्ता कमिटीच्या अध्यक्षांचा होता. अध्यक्ष धोतर सावरत आले आणि म्हणाले, "तात्या, कुकर आलाय रानात. अर्धा घंटा धरा, येवढी खेप उतरली की आलोच." तात्यांनी मानेनंच हो म्हटलं, कारण तोंडात नाम होतं. बायकाही शिजलेली हळद पसरायला रानात गेलेल्या. मंडपात तात्या एकटे, पायरीवर काका, आणि मी लिंबाच्या शेंड्यावर, एका भोंग्याची वायर सुटली होती ती जोडत. अर्धा घंटा कधीच होऊन गेला. अध्यक्षांचा पत्ता नव्हता.

मला ते आधी भोंग्यातून कळलं. तात्यांचं नाम ओढल्यासारखं यायला लागलं, दारू प्यायल्यासारखं. खाली बघतो तर तात्या हलतायत. त्यांना साखरेचा आजार, आणि सप्त्यात जेवणाचा काही नेम नसतो. त्यांचे गुडघे वाकले. पण तुम्ही तो माणूस पाहायला हवा होता! स्वतः खाली जातोय आणि दोन्ही हातांनी वीणा डोक्याच्या वर धरतोय. काका पायरीवरून धावले आणि त्यांनी ती वरच्या वर घेतली.

मी झाडावरून घसरत उतरलो तेव्हा तात्या जमिनीवर होते, वीणा काकांच्या गळ्यात होती आणि त्यांचं बोट तारांवर चाललं होतं.

"पहिल्यांदा गूळ दे त्याला, मंग दवाखान्यात ने," ते म्हणाले. "पळ. इना मी धरतो."

"काका, तुम्ही?"

"मंग खाली ठिवू का?"

मी तात्यांना गूळ चारला, माझ्या साउंडच्या छोट्या टेम्पोत आडवं केलं आणि कुरुंद्याच्या डॉक्टरकडं निघालो. माइक चालूच राहिला होता. गावाबाहेर येईपर्यंत मला भोंगे ऐकू येत होते, आणि भोंग्यांतून नुसत्या तारा. शब्द नाही, नाम नाही, माणसाचा आवाजच नाही. दोन्हीकडच्या रानांत कुकरच्या वाफेत वाकलेली माणसं एकेक करून ताठ उभी राहिली आणि गावाकडं बघायला लागली.

डॉक्टरांनी तात्यांना सलाइन लावलं, धोका नाही म्हणाले. मी परत आलो. मंडपात ऊन कनातीतून गाळून आलेलं, सतरंज्या रिकाम्या, आणि मधोमध काका उभे. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी मशीनशेजारी बसलो. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात गुंतलेले असल्यामुळं ते पुसता येत नव्हतं. त्या वीणेचा आवाज मी लहानपणापासून ऐकतोय, पुढं तर पैसे घेऊन गावाला ऐकवला. त्या दुपारी मात्र मी मशीनकडं बघितलं नाही. तोंडात शब्द नसलेला माणूस इतका भरून आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला भीतीही वाटत होती, कारण आता काय होणार ते मला दिसत होतं.

अध्यक्ष पळत आले. हात कोपरापर्यंत पिवळे. पाय धुतले, वीणा घेतली, नाम सुरू केलं. पहारा सुटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाली तर टेकली न्हाई ना?"

"न्हाई," काका म्हणाले.

"मंग आवाज काहून बंद झाला व्हता?"

संध्याकाळी मंडपात सगळे जमले. कीर्तनाला आलेले महाराज समजूतदार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वाट काढून दिली. म्हणाले, वीणा टेकलेली नाही. वायरमननी नाम मनातल्या मनात घेतलं असेल, तर ते नामच झालं, खंड नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आता काकांनी नुसती मान हलवायची होती.

"घेतलंच असंल की मनात," अध्यक्ष म्हणाले.

"न्हाई," काका म्हणाले.

"एखाद डाव तरी?"

"न्हाई. मी ऐकत व्हतो."

कुणी तरी चिडून बोललं, कुणी हसलं. तात्या खांबाला टेकून बसले होते, हातावर सलाइनची पट्टी. ते हात जोडून म्हणाले, "वायरमन, माज्यासाठी एक डाव व्हय म्हना. माजी सारी उमर गेली ह्या इनेखाली. माजा सप्ता मोडू नका."

काका उठून तात्यांपाशी जाऊन बसले. त्यांचा जीव तात्यांसाठी तुटत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "तात्या, जी तार माज्या बोटानं छेडली, तिच्याच म्होरं लबाड बोलू का? दुसरं कायबी मागा. हे नका मागू."

तात्यांनी डोळे मिटून घेतले.

सप्ता मोडला असं ठरलं. पुन्हा पहिल्यापासून सात दिवस. पुन्हा पंगती, पुन्हा महाराज, पुन्हा पहारे, आणि रानात हळद तशीच. गाव चिडलं, आणि सगळ्यात मोठ्यानं अध्यक्ष बोलत होते. ज्याच्या पहाऱ्याला हा घोळ झाला त्याचं नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी ते काढलं, तर मला म्हणाले, तू भोंगे सांभाळ. पुढं सप्त्यात वायरमननं देवळाच्या पायरीवर बसायचं नाही, असंही ठरलं. काका "बराबर हाय" म्हणाले, चपला घातल्या आणि घरी गेले.

काही दिवसांनी मी त्यांना विचारलं, "एवढं काय ऐकत होता हो?"

त्यांचा चेहरा उजळला. "अरे, चार तारा हायेत ना? त्या चारी लागल्या की त्यांच्यातून एक पाचवी निघून राहिली व्हती. बारीक. तिला कोनी छेडत न्हाई. इतकी वर्सं भाहेरून ऐकलं, कदी कळलं न्हाई. गळ्यात घातल्यावर हाडात ऐकू आली." मग म्हणाले, "तात्याला ती रोज ऐकू येत असंल. म्हनून तो त्याला देव म्हनत असंल. त्याचं बी काई चुकत न्हाई."

हे तुम्ही तात्यांना सांगा, असं मी म्हणालो. पण दोघांचं बोलणं बंद झालं होतं. रागानं नव्हे. रस्त्यात समोरासमोर आले की तात्यांच्या तोंडाशी तोच प्रश्न यायचा आणि काकांच्या तोंडाशी तेच उत्तर, म्हणून दोघं मान खाली घालून पुढं जायचे.

गावानं काकांना वाळीत वगैरे टाकलं नाही. रामराम चालू होता, चहाही मिळत होता. पण माघ आला की ते भोंग्यांचं विचारेनात. पुढच्या वर्षी मी एक भोंगा मुद्दाम त्यांच्या घराकडं तोंड करून बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्या दारात.

"त्यो भोंगा फिरव."

"का? तुम्हाला ऐकू यावं म्हणून तर..."

"मला चोरून ऐकायचं न्हाई," ते म्हणाले. चहालाही थांबले नाहीत. मी भोंगा फिरवला. त्या दुपारी ते एसटीनं नांदेडला लेकीकडं गेले आणि सप्ता उठल्यावर परतले. मग दरवर्षी तसंच. जाताना पिशवीत दोन कपडे आणि पाण्याची बाटली, फाट्यावर एकटेच उभे. मी मंडपाचे पाइप घेऊन तिथूनच जायचो. ते हात करायचे, मीही करायचो. एकदा गाडी थांबवून म्हटलं, बसा, वसमतपर्यंत सोडतो. तर म्हणाले, "तुजा खोळंबा व्हईल. भोंगे बांधायचे असतील." ती पायरी दुपारभर मोकळी असायची. त्यावर दुसरं कोणी बसत नव्हतं. तात्या पहारा सुटल्यावर तिकडं एकदा बघायचे आणि एकटेच फराळ करायचे.

यंदा हळद कमरेइतकी वाढली होती तेव्हा काका गेले. सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही. बाजेवर झोपल्या जागीच. नांदेडहून लेक आली. तिनं आल्या आल्या मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबांनी बजावलंय. काही करायचं नाही. हळदीकुंकू नाही, भजन नाही, दहावं नाही. नुसतं जाळायचं." ती रडत होती, पण त्यावर ठाम होती. बापाचीच लेक.

आमच्याकडं माळकरी गेला की तिरडीपुढं दिंडी असते, वीणा, टाळ, मृदंग. साधा माणूस गेला तरी निदान चार जण नाम घेतात. इथं काहीच नाही म्हटल्यावर गाव गांगरलं. माणसं मात्र पुष्कळ आली, हे मला सांगायलाच हवं. अध्यक्षही आले. आम्ही तिरडी उचलली. खांदा देताना एखाद्याच्या तोंडून सवयीनं "राम" निघायचं आणि तो अर्ध्यावरच गिळायचा. नुसते पाय वाजत होते. माझा सगळा जन्म आवाजात गेला, पण एवढी माणसं आणि एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मला ती सहन होईना. मेल्यावरसुद्धा या माणसाला एकटंच जायचंय, असं वाटून मला रडू फुटलं.

देवळापाशी आलो, तर तात्या पायरीवर उभे. आता त्यांना काठीशिवाय चालता येत नाही. काठी नव्हती. गळ्यात वीणा होती.

ते उतरले आणि तिरडीच्या पुढं जाऊन उभे राहिले. लेक पुढं झाली. "आजोबा, बाबांनी भजन नको म्हणून सांगितलंय."

"भजन कुटं करून राहिलो बाई," तात्या म्हणाले. "तारा छेडतो नुसत्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती बाजूला झाली आणि तात्या चालायला लागले. एकेक पाऊल टाकत, तिरडीच्या पुढं, माळकऱ्याच्या पुढं चालावं तसे. आम्ही सगळ्यांनी आमची पावलं त्यांच्या पावलांइतकी हळू केली. पाट ओलांडला, दोन्ही बाजूंना हळदीचं रान लागलं, स्मशान आलं. मी पुढच्या खांद्याला होतो. वाटेत वळण आलं की तात्यांचा चेहरा मला दिसायचा. ज्यांच्या तोंडात सारी उमर नाम होतं, त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

परत येताना अध्यक्ष तात्यांच्या शेजारून चालत होते. दोनदा त्यांच्या तोंडाशी मंडपातला तोच प्रश्न आला. विचारलं मात्र काही नाही.